क्लचची प्रकृती

या जगात बिघडलेली वस्तू नसतेच, असते ती फक्त आजारी वस्तू, अशी माझ्या मामेसासऱ्यांची अढळ श्रद्धा होती. सोलापुरात ते होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या देत आणि पेशंट नसेल तेव्हा यंत्रांची प्रकृती पाहत. गिरणीचा भोंगा झाला की "याचा घसा बसलाय आज," असं निदान व्हायचं. घड्याळ मागे पडलं तर ते दुरुस्तीला न जाता हवापालटासाठी पूर्वेच्या भिंतीवर जाई. माणसांशी ते मराठीत बोलत, आपल्या जुनाट मोटारीशी मात्र कन्नडात. का, विचारलं तर म्हणाले, "मराठी कळतं तिला, जावईबापू. पण ऐकत न्हाई." लक्षण कधी दाबायचं नाही, दाबलं की रोग आत शिरतो, हे त्यांचं मुख्य तत्त्व, त्यामुळे त्यांच्या गल्लीतली मुलं वर्षभर मोकळेपणाने खोकत.

आणीबाणीच्या आदल्या उन्हाळ्यात या तत्त्वाची परीक्षा झाली. एकुलती लेक वैरागला दिलेली, तिचं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि 'मी स्वतः माझ्या गाडीतून तिला नेईन' असं मामा व्याह्यांना सांगून बसलेले. नेमकी तेव्हाच क्लचची तेलाची नळी फुटली. मिस्त्रीने नवी बसवली, तर पॅडल दाबताच गाडी किंचाळायला लागली. मामांनी अंगणात खुर्ची टाकून रीतसर केस घेतली. "आवाज सकाळी जास्त का संध्याकाळी? गारठ्यात वाढतो? दाबल्यावर होतो का सोडल्यावर?"

शेवटचा प्रश्न मिस्त्रीलाही पटला. "दबाए तोच, डॉक्टरसाब. पुराना पाइप गलता था, क्लच पूरा दबताच नै था. अब दबरा, तो अंदर का बेअरिंग चिल्लारा. नया डालना पडता."

मामांचा चेहरा उजळला. "मग बेस झालं की! इतकी वर्षं दाबलेला रोग भाईर पडायलाय. आता त्याला हात लावायचा न्हाई."

दारात तांदूळ निवडत बसलेल्या मामींनी मान वर केली नाही. "पोरीला आणायला यष्टी हाय की. त्या बोंबलणाऱ्या डब्यात माझी लेक बसायची न्हाई. वाटंत बंद पडला तर गोळ्या डब्याला देणार का तिला?"

मामांनी खुर्ची उचलून आत नेली.

दुसऱ्या दिवशी गाडी अंगणात नव्हती. "विश्रांतीला गेलीय," मामा म्हणाले, माझ्याकडे न बघता. ती परत आली तेव्हा पॅडल दाबलं तरी हूं की चूं नव्हतं. बेअरिंग बदललं का, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मामींनी मागच्या सीटवर धुतलेली गोधडी अंथरली. मामांनी लेकीला वैरागहून इतकं जपून आणलं, की वाटेत बैलगाड्या पुढे निघून गेल्या, असं ती नंतर हसत सांगायची.

नातू झाला. बारसं झालं, घर रडण्याने भरून गेलं आणि मामांनी त्या रडण्याला कसलंही औषध दिलं नाही. मग लेक बाळाला घेऊन सासरी गेली आणि पाळणा माळ्यावर चढला. त्या दिवसांत मी गेलो, तर मामा अंगणातल्या उभ्या गाडीत बसले होते. इंजिन चालू होतं. ते क्लच दाबत, सोडत, मान तिरपी करून ऐकत.

"काय होतंय तिला?" मी विचारलं.

"काही न्हाई." त्यांनी पुन्हा एकदा दाबून पाहिलं. "तेच की. बरा झालेला पेशंट परत भेटायला येत न्हाई, जावईबापू."