रामटेके मॅडमच्या काचपट्ट्या

रामटेके मॅडम कधी घासाघीस करत नसत. कळमन्याच्या बाजारात माझ्या मिरचीच्या दुकानी आल्या की मी सांगेन तो भाव देऊन निघत. हमालीपासून वर आलेला माणूस मी. गिऱ्हाईक भांडलं नाही की मला अपमान वाटतो.

नंदनवन वस्तीत आम्ही शेजारी. मेडिकल कॉलेजात त्या आतड्याची सूक्ष्मरचना शिकवत. घरी जेवणाच्या टेबलावरही मायक्रोस्कोप मांडलेला असे. एकदा माझं पोट बिघडलं, तर डॉक्टरकडे पाठवण्याआधी त्यांनी आतड्याचा रंगवलेला काप असलेली काचपट्टी लावून मला भिंगाशी बसवलं.

"पाह्य गा रमेश, चांदण्यांसारख्या दिसून राहिल्या ना? ह्या ग्लिया पेशी. आतड्याले स्वतःच्या मज्जापेशी असतात. त्यांच्या गाठीत बसून ह्या त्यांले सांभाळतात. काही तंतूंच्या संगं लांबट पसरतात, काही स्नायूंत, काही अस्तराखाली राहून ते शाबूत ठेवतात."

"मग आमी नाव काहून नाही ऐकलं?"

"लोक यांले नुसता भराव समजत. तुयासारखा आरडाओरडा नाही करत न त्या!"

त्या निवृत्त झाल्यावर कॉलेजने त्यांची खोली रिकामी केली, आणि मॅडमनी आयुष्यभर रंगवलेल्या काचपट्ट्यांचे खोके त्यांना न विचारता भंगारवाल्या कबाड्याला देऊन टाकले. मॅडमनी पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं. "तेवढ्या आणून दे गा."

कबाड्याने भाव सांगितला. मी निम्मा बोललो. तो हटेना, तशी मी पाठ फिरवली. गिऱ्हाईक वळलं की दुकानदार हाक मारतोच. त्याने मारली नाही. मीही अडून बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा खोके रिकामे होते; काच फोडून, पोत्यांत भरून भट्टीला गेली होती.

कॉलेजला शिव्या घालतच मी मॅडमच्या दारात उभा राहिलो, काच भट्टीला गेल्याचं सांगितलं.

"अन् काल काहून नाही घेतल्या?"

मी खरं ते सांगितलं. त्यांनी टेबलावरच्या मायक्रोस्कोपवर कापड टाकलं. मग म्हणाल्या, "जेवला का? सकाळपासून रागच खाऊन राहिला दिसते."

दुसऱ्या दिवसापासून मॅडम एकेक पट्टी आठवून रंगीत पेन्सिलींनी चित्रं काढायला बसल्या. दुकान बंद करून मी रोज जायचो, पेन्सिलींना टोक करून द्यायचो. एकेक पेशी, तिचे बारीक फाटे. मी घाई केली की म्हणत, "थांब न गा, आठवू दे."

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. कॉलेजवरचा माझा राग तसाच आहे, स्वतःवरचा त्याहून मोठा. शेवटच्या कागदावर अस्तराखालच्या पेशी आहेत. निम्म्यांचे फाटे काढायचे राहिले. ते कुठे वळतात, हे एकट्या त्यांनाच आठवत होतं.