कोणीच न घेतलेली हरकत

हिंगणघाटच्या आमच्या चर्चमध्ये माझे वडील घंटा वाजवायचे. रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन झाडलोट करायची, बाकं पुसायची, घंटेची दोरी ओढायची आणि मग चपला दाराबाहेर काढून दोरीजवळ, अगदी मागे, जमिनीवर बसायचं. आठवड्याचे बाकीचे दिवस ते मिलमध्ये हमाली करत.

मी शाळेत होतो तेव्हा मिलच्या साहेबांनी त्यांना सुपरवायझर व्हायला सांगितलं. खुर्ची मिळणार होती, पण रविवारी ड्युटी होती. वडील नाही म्हणून आले. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, आणि मी तर पुढची कित्येक वर्षं मनातून बोललो नाही. त्यांनी एकदाच सांगितलं होतं, "देवानं मले या दोरीपाशी उभं केलं. त्यानं जाय म्हनल्याबिगर मी कुठं जाऊ?" मला हा शुद्ध वेडेपणा वाटला. देवाला घंटा वाजवायला दुसरा माणूस मिळाला नसता का, असं मी आईला विचारलंही होतं.

पुढे मी वर्ध्याला सरकारी नोकरीत लागलो, नालवाडीत घर केलं आणि लग्न ठरलं नागपूरच्या एका मोठ्या अधिकाऱ्याच्या मुलीशी. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची माहिती वाचून दाखवतात आणि कोणाची हरकत असल्यास सांगा, असं पाळक विचारतात. त्यासाठी फॉर्म भरावा लागतो. वडिलांचा व्यवसाय या रकान्यापाशी माझा पेन अडला. होणारे सासरे तिन्ही रविवारी स्वतः हिंगणघाटच्या चर्चमध्ये येऊन बसणार होते. मी 'मिल सुपरवायझर' असं लिहून टाकलं. ती जागा त्यांना देऊ केलीच होती, म्हणजे हे पूर्ण खोटं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. समजूत घालण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

पहिल्या रविवारी पाळकांनी ते वाचलं. पाळक नुकतेच बदलून आले होते, त्यांना कसली कल्पना नव्हती. पण बाकी सगळी मंडळी वडिलांना चांगली ओळखत होती. मी मान वळवून मागे पाहिलं. वडील दोरीखाली मांडी घालून बसले होते आणि माझ्याकडेच बघत होते. हरकत विचारली गेली. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या रविवारी तेच, तिसऱ्या रविवारीही तेच. लग्नाच्या रजिस्टरमध्ये 'मिल सुपरवायझर' या शब्दांशेजारी वडिलांनी सही केली आणि या विषयावर मरेपर्यंत एक अक्षर काढलं नाही. हरकत कोणी घेतली नाही ती माझ्या दराऱ्यामुळेच, असं मी धरून चाललो. आज ते आठवलं की माझीच मला शिसारी येते.

वडील जाऊन चार वर्षं झाली. या वर्षी मी त्यांच्या आठवणीसाठी चर्चला एक बाक दिलं. आताचे तरुण पाळक उत्साही. बाकावर काय रंगवायचं ते मला विचारण्याऐवजी त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. अर्पणाच्या रविवारी मी पोहोचलो तर बाक नेमकं दोरीजवळ ठेवलेलं, आणि पाठीवर वडिलांच्या नावाखाली पांढऱ्या ठळक अक्षरांत 'मिल सुपरवायझर'. जी खुर्ची त्यांनी देवासाठी नाकारली, तिच्यावर मी त्यांना मेल्यानंतर कायमचं बसवलं होतं.

प्रार्थनेआधी पाळकांनी तो मजकूर वाचला. या वेळी हरकत कोणी विचारली नव्हती. बायको शेजारी होती, तिलाही मी खरं कधी सांगितलं नव्हतं. मी उभा राहिलो. वडील सुपरवायझर नव्हते, हमाल होते, आणि या चर्चची घंटा वाजवत होते. फॉर्मवर खोटं मी लिहिलं, मला त्यांची लाज वाटत होती, एवढं सगळ्यांसमोर सांगितलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाई मागे वळल्या. आईच्या मैत्रीण त्या.

"आमाले मालूम होतं बाबू," त्या म्हणाल्या. "त्या पयल्या आयतवारी चर्च सुटल्यावर तुहा बाप आमच्या घरोघरी आलता. हात जोडून म्हने, माह्या पोराची चूक झाली, पन हरकत घेऊ नोका, त्याले चारचौघात मान खाली घालाले लावू नोका."

मिलच्या साहेबासमोर ताठ उभं राहून नाही म्हणालेला माणूस माझ्या खोटेपणासाठी दारोदार हात जोडत फिरला होता. आणि पुढचे दोन रविवारही त्यानेच घंटा वाजवली होती.