कोपरभर हिरवं पाणी

उस्ता बुरईला, आमच्या मिस्त्रीला, 'जमत नाही' हे दोन शब्द येत नव्हते. गिझर, डिश अँटेना, शिलाई मशीन, माझ्या धाकट्या जावेची कवळी, काहीही दाखवा, तो पिशवी खाली ठेवणार, मिशीवरून हात फिरवणार आणि म्हणणार, "सोपं आहे, हाजीबाई." आमच्या वसाहतीत सगळे त्याला इंजिनिअरसाहेब म्हणत. कैरोत पाना हातात धरणाऱ्या कुणालाही म्हणतात, पण बुरईने ते मनावर घेतलं होतं.

मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. खोटं बोलणारी पोरगी मला दारातूनच ओळखू येते. बुरईच्या बाबतीत मात्र मी फसले, कारण तो खोटं बोलतच नव्हता.

आमचा स्विमिंग पूल म्हणजे आखातात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाची हौस. घरात पोहता कुणालाच येत नाही. दोन उन्हाळे आम्ही त्यात कलिंगडं गार केली. मग पंप बंद पडला आणि पाणी मुलुखियाच्या पालेभाजीच्या रश्श्यासारखं हिरवंगार झालं. आणि नेमकं तेव्हाच शहीराचं स्थळ आलं.

शहीरा माझी मुलगी. वय चौतीस, दातांची डॉक्टर. आधीची दोन स्थळं मोडली होती. दुसरं मोडलं तेव्हा ती तीन महिने हसली नव्हती. हा वाईल तिला मनापासून आवडला होता. भीती होती ती त्याच्या आईची. सुरय्या हानिम, म्हणजे सुरय्या बाईसाहेब, फोनवर निम्मं फ्रेंच बोलायच्या आणि आपलं घराणं जुन्या कैरोतलं आहे हे दर तिसऱ्या वाक्याला सांगायच्या. त्या शम्म-अन-नसीमला, वसंताच्या सणाला, येणार होत्या. "पूलशेजारीच बसू या ना," असंही त्यांनीच सुचवलं.

हातात सहा दिवस होते. मी बुरईला बोलावलं.

तो काठावर गुडघे टेकून बसला, बाही वर सारली, बोटं ताठ केली आणि हात सरळ पाण्यात सोडला. कोपर पाण्याला टेकलं तसा त्याचा चेहरा उजळला.

"माशाअल्लाह! कोपर बुडायच्या आत तळवा दिसेनासा झाला. हाजीबाई, असं पाणी नशिबानं मिळतं!"

"मला निळं हवंय."

"निळं? निळं म्हणजे मेलेलं पाणी. त्यात काय जगणार?"

"अरे बाबा, त्यात कुणाला जगायचं नाहीये! नुसतं बघायचंय!"

मग कळलं की गडी नाईलच्या डेल्टातल्या कफ्र अश-शेखकडचा. बापाची माशांची तळी होती. माशांना खाणं मिळावं म्हणून अठरा वर्षं याने शेण टाकून टाकून पाणी हिरवं केलं. तळी हातची गेली आणि हा शहरात पाने-पकडी घेऊन फिरू लागला. "आजही पाणी दिसलं की हात आपोआप जातो बघा," तो म्हणाला. मला घटकाभर वाईट वाटलं. मग शहीराचा चेहरा आठवला.

"सोमवारपर्यंत ते हिरवं गेलं नाही तर तोंड दाखवू नकोस."

"शब्द डोक्यावर, हाजीबाई. सोपं आहे."

दुसऱ्या दिवशी पंप घरघरू लागला. बुरईने पूलवर निळी ताडपत्री ताणली. "शेवाळ खाणारे आत सोडलेत," तो म्हणाला, "त्यांना उजेडाचा त्रास नको." मला वाटलं, नव्या जातीच्या गोळ्या असतील. मी पडदे धुवायला गेले.

सोमवारी पाहुणे टेबलाशी बसले. रंगीत अंडी, कांद्याची पात, केक, सगळं मांडलं होतं. बुरई नवा सदरा घालून आला आणि जादूगाराच्या थाटात त्याने ताडपत्री ओढली.

पाणी होतं तस्सं हिरवं. आणि त्यातून वीतभर मासा उसळला तो थेट सुरय्या हानिमच्या पायाशी येऊन तडफडू लागला.

"साठ सोडलेत!" बुरई म्हणाला. "चार महिन्यांत पाणी आरशासारखं!"

"चार महिन्यांत?" मी ओरडले. तोंडात आलं ते बोलून गेले, "हा... युरोपातला नवीन प्रकार आहे."

"युरोप कसला, हाजीबाई! कफ्र अश-शेखचेच आहेत. मी स्वतः पिंपातून आणलेत."

शहीरा हातातल्या बशीतला केक चमच्याने कुस्करत होती. ती माझ्याकडे बघेना, वाईलकडेही बघेना. सुरय्या हानिम उठल्या. संपलं, मी मनात म्हटलं, तिसरंही गेलं, आणि तेही माझ्या पूलपायी. या मेल्या पूलची मला इतकी चीड कधीच आली नव्हती.

हानिमनी आधी मासा उचलून पाण्यात सोडला. मग बांगड्या काढून मुलाच्या हातात दिल्या, रेशमी झग्यासकट काठावर गुडघे टेकले, बोटं ताठ केली आणि हात सरळ कोपरापर्यंत पाण्यात घातला.

"तळवा दिसेनासा झाला," त्या म्हणाल्या. फ्रेंच कुठल्या कुठे पळालं होतं. बोली थेट बुरईची. "पण जरा उशिरा. शेण कमी पडलंय रे. दोन टोपल्या टाक अजून."

"आई?" वाईल बांगड्या धरून तसाच उभा. "तुला काय माहीत यातलं?"

"तुझे आजोबा वकील नव्हते, बाळा. तिकडेच, बलतीमच्या रस्त्यावर त्यांची तळी होती. चाळीस वर्षं लपवलं मी. दमले आता."

बुरई छातीवर हात ठेवून वाकला. "बलतीमची लेक! मग सणाचा खारवलेला मासा सोडून मघापासून हा केक का खाताय?"

आणि शहीरा हसली. असं हसली की बशी हातातून सुटून फुटली, आणि वाईलही हसत सुटला.

साखरपुडा महिन्याभरात झाला. सुरय्याची अट एकच होती, की पाण्यात कुणी औषध टाकायचं नाही. ती दर शुक्रवारी येते. ती एका काठाला, बुरई दुसऱ्या, दोघंही पाण्यात हात घालून भांडत बसतात. मुलगा आखातातून पूलचा फोटो मागतो. मी शेजाऱ्यांच्या पूलचा पाठवते.

डेल्टाचा नकाशा मी हजारो मुलींकडून काढून घेतला, पण तिथल्या पाण्यात हात कधी घातला नव्हता. गेल्या शुक्रवारी मीही बाही वर सारली, गुडघे टेकले, हात सोडला. तळवा दिसेनासा झाला. मी अभिमानाने वर बघितलं.

"नापास," बुरई म्हणाला. "कोपर वाकलंय, हाजीबाई."