येशूचे दोन वाटे आणि उत्तनची बस

मागच्या लेखात बजावून सांगितलं होतं, उत्तनला जाताना टोपी आणि सुट्टे पैसे घ्या. विसरलातच ना? तुम्ही लिहून ठेवता, म्हणून विसरता. मला अक्षर येत नाही, सगळं डोक्यात ठेवावं लागतं. आत्ताही मी बोलतेय आणि माझी नात प्रिसिला टाइप करतेय. तिने मध्ये स्वतःचं काही घुसवलं तर मला कळणार नाही, तेवढं सांभाळून घ्या.

तर, प्रिसिलाच्या बाळाचा बाप्तिस्मा ठरला. हिची आई लवकर गेली, हिला मी वाढवलं. म्हणून बाळाची धर्ममाता मीच, असा हिचा हट्ट. पण आमच्या उत्तनचे नवे फादर म्हणाले, धर्ममातेने बाळाला श्रद्धा शिकवायची असते, तेव्हा आधी भेटून जा, दोन प्रश्न विचारीन. मला नाही जमलं तर पिंकी, म्हणजे बाळाची आत्या. कॉलेजात शिकवते. गोड मुलगी आहे. त्या आठवड्यात मला मुळीच आवडली नाही.

शनिवारी सकाळी मी नि प्रिसिला बाळाला घेऊन मीरा रोडहून रिक्षाने भाईंदर पश्चिमेला गेलो. स्टेशनबाहेर उत्तनची बस मिळते. लवकर चढा आणि खिडकी पकडा. राई गेलं, मोर्वा गेलं, मी मनात प्रार्थना घोळवत होते. लहानपणी ऐकून पाठ केलेली. त्यामुळे कुणी मधूनच विचारलं, तर मला पहिल्यापासून सुरू करावं लागतं. हीच धास्ती होती.

डोंगरीला लुसी चढली. भाईंदरच्या बाजारात आम्ही तीस वर्षं शेजारी बसून मासे विकले.

"काय गो, नटून कुठं?"

"परीक्षेला."

"या वयात? आणि नापास झालीस तर?"

"तर तुझ्या नावाने पुन्हा बसेन."

ती हसली, मीही हसले. हात मात्र बर्फातल्या पापलेटासारखे गार.

उत्तनला उतरलात की बांबूंवर बोंबील वाळत घातलेले दिसतील. वास सोसत नसेल तर येऊच नका. नाक्यावर वडापाव घ्या, गरम असतो. मीही घेतला, पण हातातच राहिला. प्रिसिलाने दोन्ही खाल्ले.

फादर तरुण, आवाज मऊ. मऊ आवाजाची मला जास्त भीती वाटते.

"आजी, येशू कोण? देव की माणूस?"

प्रार्थना राहिली बाजूला, तोंडून बाजारच बोलला. "दोन्ही, फादर. अर्धा देव, अर्धा माणूस. एका टोपलीचे दोन वाटे."

फादरांनी पेन खाली ठेवलं. प्रिसिलाने डोळे मिटले.

"मग क्रुसावर कुठला वाटा मेला, आजी?"

मी मनात एकेक वाटा उचलून पाहिला. नुसता माणूस मेला असेल, तर आणखी एक गरीब मेला, आपल्याला त्यातून काय मिळालं? नुसता देव असेल, तर त्याला दुखलंच नसेल. सगळं नाटक! मला पिंकी दिसायला लागली, बाळाला कडेवर घेतलेली.

तेवढ्यात बाळ रडलं. नाक बापाचं, राग आईचा.

"चुकले, फादर. वाटे नाहीतच. हे बाळ काय अर्धं हिचं नि अर्धं बापाचं आहे? आख्खं हिचं, आख्खं त्याचं. तसा तो आख्खा देव, आख्खा माणूस. दुखलं ते खरं दुखलं, म्हणून आपलं दुखणं त्याला कळतं. आणि देव होता, म्हणून मरणाला पुरून उरला. आपल्यासाठी."

"खरंच उठला, कशावरून?"

"उठल्यावर शिष्यांकडे खायला मागितलं. भाजलेला मासा खाल्ला. भुताला भूक लागत नाही, फादर."

ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसला, मग कागद माझ्याकडे सरकवला. "इथे सही."

"अंगठा चालेल?"

"चालेल. आख्खा."

घरी आले तरी अंगठ्याची निळी शाई गेली नव्हती. भीतीही गेलेली नाही, खोटं कशाला बोलू. बाळ मोठं होऊन हेच विचारील, तेव्हा मी असेन की नाही? म्हणून हे टाइप करून घेतलं. मी नसले तर प्रिसिला वाचून दाखवील.

बाप्तिस्मा येत्या रविवारी. काय पाठवू, म्हणून फोन करत बसू नका. केक पिंकी आणतेय, आणू दे. तुम्ही भाजायला बांगडे पाठवा. तुकडे करून नकोत, आख्खे.