दोन गावांची एक रेघ

ज्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघत आहे, त्या यमुनाताईंना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या ग्रामपंचायतीच्या फरशीवर बसलेल्या. पौडहून मालेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची दोन गावे, मधे एक ओढा. ताई पलीकडच्या गावच्या सरपंच, मी अलीकडच्या गावचा नवखा सदस्य. न बोलावता आल्या, काखेतली आपल्या गावाच्या विकास आराखड्याच्या नकाशाची गुंडाळी फरशीवर पसरली आणि म्हणाल्या, “तुमचा बी आणा. शिवंला शीव लावून बघू.”

लावली आणि आम्ही थक्कच झालो. त्यांच्या गावाने कचऱ्याची जागा शिवेवर धरली होती, आमच्या पिण्याच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. आम्हीही कमी नव्हतो. आमच्या नव्या वस्तीचे सांडपाणी जिथे सोडायचे ठरले होते, तिथेच खाली त्यांची भातखाचरे होती. नको ते सगळे दोन्ही गावांनी शिवेवर ढकलले होते आणि पलीकडचा कागद कोरा ठेवला होता. तिकडे जणू माणसेच राहत नव्हती! मला तर शरमेने मान वर करवेना.

पुढे वर्षभर ताईंनी दोन्ही गावांना एकत्र बसवले. हिंजवडीकडून इमारती सरकत येत होत्या. घरे कुठवर वाढू द्यायची आणि कुठून पुढे शेती नि ओढा राखायचा, याची एकच रेघ दोघांनी मिळून आखायची, ठरावही एकच पाठवायचा, असा त्यांचा हट्ट. वेगवेगळे गेलो तर वरचे लोक कोणाचेच ऐकणार नाहीत, असे त्या सांगत. बैठकीत भांडणे झाली की त्या चहा मागवीत आणि चहा संपेपर्यंत कोणालाही बोलू देत नसत.

संयुक्त ग्रामसभेच्या आदल्या दिवशी मोजणी होऊन रेघ पक्की झाली. आमचे शेत रेघेच्या आतच, म्हणजे घरे बांधता येतील अशा बाजूला राहणार, हे मी धरून चाललो होतो. सभेत ताईंनी रेघेबाहेरच्या गट नंबरांची यादी माझ्या हाती दिली. “तुमच्या गावाला तुमच्याच तोंडून ऐकू द्या.” मी ऐटीत वाचू लागलो. सातवा की आठवा नंबर आमचा निघाला. ओढ्याकाठचे आमचे एकमेव शेत! तिथे बंगले बांधू पाहणारा माणूस घरी येऊन गेला होता, वडील होकार देण्याच्या बेतात होते. सगळी सभा माझ्याकडे बघत होती.

“वाचा की. थांबलात का?” ताई म्हणाल्या.

मी वाचला.

सभा उठल्यावर मी त्यांना अडवले. आवाज चढला होता, हे कबूल करतो. “आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं, तर तुमी रेघ हलवा म्हनला असता. आन् मी हलवली असती. तुमी मला पोटच्या पोरावानी.”

हे ऐकून मी रागवायचेही विसरलो. इतके खरे कोणी तोंडावर बोलते का?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या घरी हजर. वडील, म्हणजे आण्णा, ओट्यावर पाठ फिरवून बसलेले. ताई आईबरोबर तांदूळ निवडत बसल्या. दुपारी आण्णा म्हणाले, “ताई, तुमी आमचं लई नुकसान केलं.”

“व्हय आण्णा, केलं.”

बस्स. सारवासारव नाही, उपदेश नाही. आण्णांनी त्यांना जेवायला थांबवून घेतले.

आज मी सरपंच आहे. हिंजवडीत नोकरी करणारी माझी मुलगी परवा म्हणाली, “बाबा, आता तर तुमच्याच हातात आहे. दोन्ही गावांचा नवा ठराव झाला, की शेत आत येईल.” मी नाही म्हणालो नाही. “बघू,” म्हणालो. स्वतःच्या तोंडचा तो शब्द ऐकून मला जो धक्का बसला, तसा त्या भर सभेतही बसला नव्हता.

ताई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही प्रार्थना दोन्ही गावांची आहे. माझ्या प्रार्थनेत थोडा स्वार्थ आहे. मला अजून माझ्या माणसांना ‘नाही’ म्हणता येत नाही. ते येईपर्यंत तरी तुम्ही आमच्यात धडधाकट असायलाच हव्यात.