डब्याबाटल्यांची शेड

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी बेंगळुरातल्या एका सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. आमच्या कॉलनीतले लोक उरलेलं डीडीटी, थिनर, संडासाचं ॲसिड सरळ गटारात ओतायचे. म्हणून साहेबांनी कॉलनीच्या टोकाला पत्र्याची शेड बांधून घेतली. असलं सगळं तिथे आणून द्यायचं आणि ठेकेदाराने ते उचलून न्यायचं. मी रसायनवाला, म्हणून शेडची सुरक्षा माझ्या गळ्यात पडली. प्रयोगशाळेचं काम मात्र कमी झालं नाही.

पहिल्यांदा गेलो तर दारातच घसा खवखवला. थिनरचे डबे उघडे होते, ब्लीचिंग पावडरच्या पोत्याला खेटून ॲसिडच्या बाटल्या होत्या, मागचं दार खिळे ठोकून बंद केलेलं होतं. आणि कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह पेटलेला, त्यावर भात.

स्टोव्ह राखणदार बाईचा होता. तिचा नवरा आमच्याच कारखान्यात कामगार होता. तो वारल्यावर क्वार्टर गेलं आणि दया म्हणून तिला शेडची राखण मिळाली. दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून ती तिथेच राहायला लागली. कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

आम्ही निपाणीकडचे, त्यामुळे तिच्याशी कन्नडमध्ये बोलता यायचं.

"अक्का, आधी स्टोव्ह विझवा. एक ठिणगी पुरे इथे."

"सरी अण्णा, विझवते. स्वल्प थांबा, भात होऊ दे."

मी थांबलो नाही. स्टोव्ह विझवून बाहेर झाडाखाली नेऊन ठेवला. खिळे उपटले, ॲसिड पावडरवर सांडलं तर विषारी वायू होतो म्हणून बाटल्या आणि पोती दोन टोकांना लावली, कन्नड, तमिळ आणि इंग्रजीत पाट्या लिहवून घेतल्या. पुढच्या खेपेला सगळं पुन्हा पहिल्यासारखं. पावसामुळे स्टोव्ह आत, कुत्री शिरतात म्हणून दाराला खिळे, आणि लोक पाटीखालीच नको ती बाटली ठेवून जायचे. मी पुन्हा सगळं नीट लावायचो. असं किती वेळा केलं, आठवत नाही.

शेवटी साहेबांकडे गेलो. म्हटलं, "बाईला राहायला खोली द्या."

"ती तिथे राहते हेच नियमात बसत नाही. काढा तिला."

"काढून पाठवू कुठे?"

"ते आपलं खातं नाही."

"मग खोली मिळेपर्यंत मी तिला काढणार नाही," मी म्हणालो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका अधिकाऱ्याची बदली झाली. त्यांच्या गड्याने घरातलं टाकाऊ सामान हातगाडीवरून आणून शेडमध्ये ढकलून दिलं. त्यात ॲसिडची बरणी होती, ती पावडरच्या पोत्यावर फुटली. भरदुपारची वेळ, अक्का आत आडवी झालेली. निरोप येताच मी धावत गेलो. पुढच्या दारातून हिरवट धूर येत होता, गडी लांब उभा राहून ओरडत होता. मी ओला पंचा तोंडाला बांधून मागच्या दाराकडे गेलो. त्या खेपेला खिळे मी नुकतेच काढले होते. दार ढकललं तर ती उंबऱ्याशी रांगत आलेली. तिला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं.

ती वाचली, पण आवाज कायमचा घोगरा झाला. कामावर झोपली म्हणून तिलाच काढायचं घाटत होतं. मी मोठ्या साहेबांच्या दारात जाऊन बसलो. म्हणालो, "चूक झोपण्याची नाही, शेडची आहे." रोज तेच सांगायला जायचो. भांडायचं त्राण उरलं नव्हतं, म्हणून नुसता बसायचो. मला वाटतं, माझं तोंड पाहून ते कंटाळले. शेडमध्ये मधोमध भिंत आली, मागच्या दाराला आतून कडी आली आणि अक्काला बालवाडीत झाडलोटीचं काम व मागची खोली मिळाली.

एका रविवारी मी आणि बायको तिच्याकडे गेलो. घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "इथे झोपच येत नाही अण्णा. कसला वासच नाही!"

दोघी हसल्या. मला हसायचंही जिवावर आलं होतं. भिंतीला टेकून बसलो आणि बसल्याबसल्या डोळा लागला. बायको उठवायला लागली तेव्हा अक्का तिला हळूच म्हणाली, "असू दे, झोपू दे त्यांना."