पाय हलला, पण दादानं हलवला नाही

माझा मोठा भाऊ वरठीच्या कारखान्यात कामाला होता. एका उन्हाळ्यात, सुट्टीच्या दिवशी, कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायला घरावर चढला. वासा मोडला आणि तो पाठीवर आदळला. नागपूरच्या डॉक्टरांनी काही लपवलं नाही. मणक्यातला मज्जारज्जू तुटलाय, मेंदूचा निरोप आता कमरेखाली पोचणार नाही, म्हणाले. मी साकोलीच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, मला ते कळलं. घरच्यांना कळून घ्यायचंच नव्हतं.

वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, दर जयंतीला मंचावरून अंधश्रद्धेवर बोलत. आवाज असा की माईक लागत नसे. दोन-अडीच महिन्यांनी हेच गृहस्थ एका वैदूला मोटारसायकलवर बसवून घेऊन आले. वैदूच्या तेलाला चक्क डिझेलचा वास येत होता.

त्यानं दादाच्या तळपायावर नख ओढलं. पाय झटक्यानं गुडघ्यात आखडला.

"पाहा! नस जागी झाली!" वैदू ओरडला. अंगणात जमलेली माणसं टाळ्या वाजवू लागली. आई रडायला लागली.

दादा आढ्याकडे पाहत म्हणाला, "मी नाही हालवला, मोठेबाबा. मले तं समजलंही नाही."

"तू गप राह्य. डॉक्टरपेक्षा जास्त समजते का तुले?" मोठेबाबा म्हणाले. डॉक्टरचं त्यांनी तरी कुठं ऐकलं होतं!

मी दरवर्षी दहावीच्या वर्गात हेच फळ्यावर काढून दाखवते. तव्याला बोट लागलं की हात मागे येतो. तो हुकूम मज्जारज्जू देतो, मेंदूला मागाहून कळतं. दादाच्या मेंदूला मागाहूनही कळणार नव्हतं. पाय हलत होता, पण हलवणारा दादा नव्हता. एवढं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. आणि मी, शिकलेली बाई, त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना चहा देत फिरले. मोठेबाबांपेक्षा मला माझीच जास्त किळस येते.

तिसऱ्या दिवशी वैदूनं चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून दादाच्या पोटरीला लावली. पाय उडू लागला. वैदू खूश. "जोर धरून राहिला, जोर!"

दादानं नाक वर केलं. "काही जळून राहिलं का वं?"

त्याचीच कातडी जळत होती. मी वीट ओढून अंगणात फेकली. माझी बोटं पोळली. वैदूला म्हटलं, "निघा इथून. पुन्हा हात लावाल तर याच विटेनं तुमचं डोस्कं शेकते."

तो निघालाही. मोठेबाबा मात्र जाता जाता बोलले, "गुण येऊन राहिला होता, पोरीनं घालवला." जखम पाच महिने चिघळली, तेव्हा ते एकदाही फिरकले नाहीत. गावात मात्र सांगत फिरले की पाय हलला होता, आपण डोळ्यांनी पाहिला होता.

दादा पुढे बसून मोटार वाइंडिंग शिकला. मध्येच पाय उडतो, तेव्हा तो हातानं दाबून धरतो आणि पुन्हा तार गुंडाळायला लागतो.

परवा मोठेबाबांनी शेतातली जळालेली मोटार त्याच्याकडे पाठवली. स्वतः आले नाहीत, गड्याबरोबर पाठवली. दादानं ती समोर ओढली.

"काहून घेतली?" मी चिडून विचारलं. "मी असती तं नाल्यात फेकली असती."

"मोटारीनं माझं काय बिघडवलं?" दादा म्हणाला, आणि पान्ह्यानं नट सैल करू लागला.

मला नाही जमणार ते.